गावची राई, तळे आणि सडा राखायचा तर पंचायतीने काय करावे

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि जैवविविधता कायदा, २००२च्या कलम ४१नुसार त्या प्रत्येकीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमलेली असली पाहिजे. नगरपालिकांनाही हेच लागू आहे. कायदा आहे, समितीही कागदावर असते. तरी राई (देवाच्या नावाने राखलेली झाडी) तुटते, तळे भरले जाते, सडा (जांभ्या खडकाचे पठार) कापला जातो. बांधकामाची फाईल पंचायतीच्या टेबलावर येते तेव्हा त्या जागेबद्दल पंचायतीच्या दप्तरात एक ओळही नसते, आणि घोडे इथेच अडते. सचिव दप्तर बघूनच टिपण लिहितो. दप्तरात राई नसेल तर त्याच्या टिपणात ती येणार कुठून?

म्हणून पुढचे सगळे काम एका गोष्टीसाठी आहे. जेसीबी येण्याआधी जागा कागदावर आली पाहिजे, सर्व्हे क्रमांक, हद्द आणि ठराव यांसह. हा मजकूर पंच, सरपंच, समितीचे सदस्य आणि ग्रामसभेला नियमाने जाणारे गावकरी यांच्यासाठी आहे.

नावावरून सर्व्हे क्रमांकाकडे

गावात जागेला नाव असते, सरकारी खात्यात क्रमांक असतो. नुसत्या नावावर भिस्त ठेवली की घोटाळा होतो. सुर्ला नावाचे गाव डिचोलीतही आहे आणि सत्तरीतही. गोव्यातला पहिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळालेली पुर्वतळी राई डिचोलीच्या सुर्ल्यात आहे, चोर्ला घाटाजवळच्या सुर्ल्यात नव्हे. मग एकाच गावातल्या ‘देवाची राई’ नावाच्या दोन जागांचे काय होत असेल?

आधी गावातल्या जाणत्या माणसांना घेऊन जागांची यादी करा: राया, तळी, झरी, ओहोळ, सडे, खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन), खारफुटी, वाळूचे टेंब, गुहा, कोरीव खडक. मग भूमापन खात्यातून सर्व्हे प्लॅन काढा आणि प्रत्येक जागा कोणत्या सर्व्हे क्रमांकाच्या कोणत्या उपविभागात पडते ते बघा. एक राई बहुधा तीन-चार उपविभागांत पसरलेली असते; एक देवस्थानाचा, एक कोमुनिदादीचा (गावाच्या सामायिक जमिनीची जुनी संस्था), एखादा भाटकाराचा (जमीनमालकाचा). एकही उपविभाग सुटू देऊ नका, कारण पहिला रस्ता नेमका त्या सुटलेल्या तुकड्यातून येतो.

प्रत्येक उपविभागाचा फॉर्म १ आणि १४ काढा. त्यात कब्जेदार कोण, कूळ कोण आणि जमिनीचा प्रकार काय हे कळते. सडा आणि खडकाळ जागा इथे बहुधा ‘पोटखराब’ म्हणून दाखवलेली दिसेल. तो शब्द शेतीच्या हिशेबाचा आहे. जागा निकामी असल्याचा तो दाखला नव्हे. ठरावात हे स्पष्ट लिहून ठेवा, कारण पुढे जमीन रूपांतरणाच्या वेळी हाच शब्द पुढे केला जातो.

मग तोच क्रमांक आणखी चार ठिकाणी तपासायचा. प्रादेशिक आराखडा २०२१मध्ये तो भाग इको-१मध्ये आहे की इको-२मध्ये. २५ टक्क्यांहून अधिक उतार इको-१मध्ये, म्हणजे विकासबंदीत येतो. खासगी वनांच्या यादीत तो आहे का. तिथले निकष तीन: ७५ टक्के झाडे वनप्रजातींची, सरकारी जंगलाला लागून असलेली किंवा एकटी असेल तर किमान ५ हेक्टरांची जागा, आणि छत्राची घनता ०.४हून कमी नसलेली. किनारपट्टीचे वा खाडीकाठचे गाव असेल तर सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नकाशावर तो कुठे पडतो. आणि अभयारण्याच्या हद्दीत किंवा त्याच्या भोवतालच्या संवेदनक्षम क्षेत्रात तो आहे का. या तपासणीत बऱ्याच जागांना आधीच कुठले ना कुठले संरक्षण असल्याचे आढळते, फक्त पंचायतीला ते माहीत नसते.

हद्द चालून घ्यायची. मोबाईलच्या जीपीएसवर प्रत्येक वळणाला आणि सरळ भागात साधारण दर २५ ते ३० मीटरला बिंदू नोंदवा. दाट झाडीखाली मोबाईल १० मीटर आणि कधी त्याहून जास्त चुकतो. म्हणून बिंदूवर दोन-तीन मिनिटे थांबा आणि प्रत्येक चार-पाच बिंदूंमागे एक न हलणारी खूण जोडा: सर्व्हेचा दगड, विहीर, पूल, घुमटी. नुसत्या अक्षांश-रेखांशावर उभी केलेली हद्द मोजणीच्या वेळी भूमापक एका तासात मोडून काढतो.

आणि पाणी विसरू नका. राई राखली आणि तिच्या माथ्यावरचा उतार सोडला तर काही वर्षांत झर आटते. सत्तरीत बांबर येथे निरंकाराची राई आहे. तिथे रानजायफळाच्या जातीची झाडे पाण्यात पाय रोवून उभी आहेत आणि त्यांची मुळे गुडघ्यासारखी वर येऊन श्वास घेतात. अशा दलदलीच्या जागेची हद्द झाडांवरून आखायची नसते. पाणी येते कुठून आणि जाते कुठे, त्यावरून ती आखायची असते. जुलैत, पाऊस पडत असताना चालून बघा. एप्रिलमध्ये काढलेल्या हद्दीत ओहोळ सापडत नाही.

समिती आणि ठराव

जैवविविधता कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीनंतर समितीत किमान सात आणि जास्तीत जास्त अकरा सदस्य असतात. नेमणूक करताना पंचांचे नातलग भरण्यापेक्षा जागेशी रोजचा संबंध असलेली माणसे घ्या: कुळागरवाला (पोफळी-माडाची बाग राखणारा), मानशीवर (खाजनाच्या पाण्याच्या दारावर) बसणारा, शेळ्या-गुरे चारणारा, खुबे-तिसऱ्यो (शिंपले) काढणारी बाई, वनस्पती ओळखणारी शिक्षिका, औषधी जाणणारा वैद्य. एक जण तरी कागदपत्रात पक्का हवा. समितीचे इतिवृत्त वेगळ्या वहीत, पानांना क्रमांक घालून ठेवा आणि बँकेत समितीचे स्वतंत्र खाते उघडा. स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद कायद्यातच आहे, पण खाते नसेल तर पैसे येणार कुठे?

ग्रामसभेच्या नेहमीच्या बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतल्या रविवारी होतात. विषय बैठकीत उठून मांडलात तर तो ‘आयत्या वेळचा विषय’ होऊन वाहून जातो. म्हणून ठरावाचा मसुदा आधीच लेखी द्या, पंचायतीचा इनवर्ड क्रमांक आणि शिक्का घेतलेली प्रत स्वतःकडे ठेवा. पुढच्या बैठकीत मागचे इतिवृत्त वाचले जाते तेव्हा ठरावाचे शब्द जसेच्या तसे आले आहेत ना, हे ऐका. ‘पर्यावरणाविषयी चर्चा झाली’ एवढीच ओळ इतिवृत्तात आली असेल तर तिथल्या तिथे हरकत नोंदवा.

‘राईचे संरक्षण व्हावे’ असा ठराव कामाचा नाही. कोणी काय करायचे आणि काय करायचे नाही ते त्यात हवे. नमुना असा:

‘मौजे ___, सर्व्हे क्रमांक ___, उपविभाग ___ येथील, ___ या नावाने ओळखली जाणारी, सुमारे ___ चौरस मीटरची राई, तीतील झर आणि झरीचा ओहोळ सर्व्हे क्रमांक ___पर्यंत, सोबतच्या नकाशात दाखवल्याप्रमाणे, ही ग्रामसभा संरक्षित ठेवण्याचे ठरवते. या भागात बांधकाम, रस्ता, माती भराव, खोदाई, कूपनलिका यांसाठी अर्ज आल्यास पंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समितीचे लेखी मत घेऊनच निर्णय करावा आणि अर्जाची माहिती पुढच्या ग्रामसभेपुढे ठेवावी. ठरावाची प्रत नगरनियोजन खाते, मामलेदार, वनखाते आणि गोवा राज्य जैवविविधता मंडळ, साळगाव यांना पंधरा दिवसांत पाठवावी.’

कायद्याच्या चौकटीत बसणारा ग्रामसभेचा ठराव गोवा पंचायत राज कायद्यानुसार पंचायतीवर बंधनकारक असतो. चौकट मात्र सांभाळा. ‘कुणालाही कधीही परवाना देऊ नये’ असे लिहिले तर तो ठराव अपिलात टिकत नाही. तसेच समितीचे मत येईपर्यंत फाईल अडकवून ठेवू नका. मुदतीत निर्णय झाला नाही की अर्जदार पंचायत उपसंचालकांकडे जातो आणि विषय गावाच्या हातून निसटतो. समितीने मत द्यायला स्वतःला सात दिवसांची मर्यादा घालून घ्यावी.

जमीन खासगी, देवस्थानाची किंवा कोमुनिदादीची असेल तर मालकाला आधी भेटा. देवस्थानाच्या महाजनांची लेखी संमती हातात असेल तर पुढची निम्मी भांडणे टळतात. राईला आज कुऱ्हाडीपेक्षा मोठा धोका देवळाच्या नूतनीकरणाचा आहे: पेव्हर ब्लॉक, काँक्रीटचे अंगण, वाहनतळ, शौचालय. मुळांवर काँक्रीट पडले की झाड लगेच मरत नाही. ते हळूहळू वाळत जाते, मग ‘धोकादायक’ ठरते आणि रीतसर परवानगीने कापले जाते. महाजनांशी बोलताना हीच गोष्ट सांगा. देवराई देवाची आहे हे त्यांना कुणी शिकवायला नको. काँक्रीटने ती मरते, हे सांगायला हवे.

नोंदवही उपयोगी कशी करायची

लोक जैवविविधता नोंदवही हा समितीचा मुख्य दस्तऐवज. राष्ट्रीय हरित लवादाने सगळ्या राज्यांना ती पुरी करायला ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली होती. देशभर त्या मुदतीत घाईने वह्या भरल्या गेल्या आणि बऱ्याच ठिकाणी शेजारच्या गावाची यादी थोडी बदलून उतरवली गेली. तुमच्या गावाची वही काढा आणि बघा: गावात नसलेली झाडे आहेत का? खाजन असून एकाही खेकड्याचे नाव नाही असे आहे का? असेल तर ती दुरुस्त करायला मुदतीची अडचण नाही. नोंदवही चालू दस्तऐवज आहे, तिच्यात भर घालत राहायची असते.

वही कामाला येण्यासाठी प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी हव्यात: गावातले नाव, जागा (सर्व्हे क्रमांक), महिना, कुणी पाहिले आणि पूर्वीच्या मानाने वाढले की घटले. शास्त्रीय नाव नंतर जाणकाराकडून भरून घेता येते. महिना आणि जागा नंतर भरता येत नाही. गोव्यात निदान चार फेऱ्या लागतात. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात बेडूक आणि कंद. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावरची फुले. डिसेंबर-जानेवारीत पाहुणे पक्षी आणि तळी. एप्रिल-मेमध्ये झरी, कारण कोणती झर बारमाही आहे ते तेव्हाच कळते. फक्त हिवाळ्यात वही भरणाऱ्या समितीला सडा हा उघडा खडक दिसतो आणि वहीतही तेवढेच येते.

झरीचे पाणी मोजा. १० लिटरची बादली आणि मोबाईलचे घड्याळ पुरते. बादली २५ सेकंदांत भरली तर मिनिटाला २४ लिटर. तीनदा मोजून सरासरी घ्या, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, त्याच जागी. सलग दोन वर्षांच्या नोंदी असतील तर वरच्या डोंगरकापणीनंतर पाणी घटल्याचे तुम्ही दाखवू शकता. त्या नसतील तर ‘झर आटली’ हे नुसते म्हणणे उरते आणि समोरचा पावसाकडे बोट दाखवतो.

एक खबरदारी. औषधी वनस्पती नेमकी कुठे मिळते, कोणत्या आजारावर कशी देतात, दुर्मीळ ऑर्किड कोणत्या झाडावर आहे, घुबडाचे घरटे कुठे आहे, हे वेगळ्या, बंद भागात ठेवा. ते कुठेही जाहीर करू नका. गोळा करणारे अशीच माहिती शोधत असतात.

कोणत्या जागेला कोणता कायदा

ठराव हा पाया. त्यावर जागेच्या जातीप्रमाणे पुढचे संरक्षण चढवायचे.

राई, गवताळ सडा, झरींचा परिसर यांसाठी जैवविविधता वारसास्थळ (कलम ३७) बहुधा सर्वांत सोयीचे. प्रस्ताव समितीने करायचा, मंडळ पाहणी करते आणि स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून राज्य सरकार अधिसूचना काढते. गावकऱ्यांची पहिली भीती असते ती ‘मग आम्हाला आत जाता येणार नाही’ ही. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की वारसास्थळ झाल्याने लोकांच्या चालत आलेल्या वहिवाटीवर, त्यांनी स्वतःहून मान्य केलेल्या बंधनांखेरीज, बंधने येत नाहीत. हा मुद्दा ग्रामसभेत वाचून दाखवा. प्रस्तावासोबत नकाशा, ठराव, नोंदवहीतला त्या जागेचा भाग, मालकांची संमती आणि दोन पानांचा व्यवस्थापन आराखडा जोडा. कुणी काय करायचे, कोणत्या महिन्यात, किती खर्च, एवढे त्या आराखड्यात पुरे.

तळ्यांसाठी पाणथळ जागा नियम, २०१७. कुडचड्याचे नंदा तळे २०२२मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेले, ४२ हेक्टरांचे. त्याचे पाणी साठवून खालच्या भागात भातशेती होते, म्हणजे वापर आणि संरक्षण एकत्र नांदते. चिंबलचे तोयार आणि सांताक्रूझचे बोंडवल ही तळीही अधिसूचित आहेत. नियमांतली पहिली अडचण ओळखून ठेवा: नदीचे पात्र, भातशेती आणि पिण्यासाठी, सिंचनासाठी, मीठ किंवा मत्स्यपालनासाठी माणसाने मुद्दाम बांधलेले जलाशय यातून वगळले आहेत. गोव्यातल्या बहुतेक जुन्या तळ्यांना बांध आहे, त्यामुळे हरकत घेणारा ‘हे तर सिंचनाचे’ असे म्हणतो. तळे नैसर्गिक खोलगट भागात असून बांध नंतरचा असेल, तर जुने पोर्तुगीजकालीन नकाशे, कोमुनिदादीच्या नोंदी आणि झरींची जागा दाखवून ते आधीच मांडा.

राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे संक्षिप्त दस्तऐवज जातो. त्यात निर्देशांकांसह नकाशा, प्रभावक्षेत्र, तळ्याचे वर्णन, लोकांचे चालत आलेले हक्क आणि परवानगी असलेल्या व नियंत्रित करायच्या कामांची यादी लागते. हक्कांच्या भागात कंजूषपणा करू नका. मासे पकडणे, गाळ काढणे, पाणी सोडणे, गणपती विसर्जन, गुरे धुणे, जे आहे ते सगळे लिहा. काय चालू द्यायचे आणि काय बंद करायचे हे नंतर ठरवता येते. प्रभावक्षेत्र मात्र हमखास लहान दाखवले जाते. तळ्यात पाणी आणणारा ओहोळ पार माथ्यापर्यंत त्यात यायला हवा. मसुदा जाहीर झाल्यावर हरकतींसाठी ६० दिवस मिळतात आणि प्राधिकरणाच्या शिफारशीपासून २४० दिवसांच्या आत अंतिम अधिसूचना यायची असते. दोन्ही तारखा वहीत लिहून पाठपुरावा करा.

अधिसूचित तळ्यात भराव, अतिक्रमण, कचरा, सांडपाणी यांना बंदी आहे आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरांच्या आत कायम बांधकाम करता येत नाही. ही पूरपातळी कुठे धरायची, यावरच सगळे भांडण असते. मोजणी उन्हाळ्यात होते आणि तेव्हा तळे अर्धे असते. म्हणून दर पावसाळ्यात, पाणी सर्वांत वर असताना, काठावरच्या न हलणाऱ्या दगडावर किंवा पुलाच्या खांबावर तैलरंगाने रेघ आणि वर्ष घाला आणि फोटो काढा. रंगाचा डबा घेतला की काम झाले, आणि दहा वर्षांनी हा पुरावा विकत मिळत नाही.

वनहक्क कायदा, २००६ लागू असलेल्या गावांत (काणकोण, केपे, सांगे, धारबांदोडा, सत्तरी या भागांत) सामूहिक वनसंपत्तीचा दावा फॉर्म ‘क’मध्ये करा. कलम ५ ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि पाणलोट राखण्याचा अधिकार देते. वैयक्तिक दाव्यांच्या गर्दीत हा दावा मागे पडतो. खासगी किंवा सामूहिक जमीन मालकांनी स्वखुशीने राखीव ठेवायची असेल तर वन्यजीव कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राचीही (कलम ३६-क आणि पुढचे) सोय आहे.

खाजनाबाबत थोडक्यात: २०११ची सीआरझेड अधिसूचना गोव्यातल्या खाजनांना खास संरक्षण देते, पण बांध फुटून खारे पाणी वर्षानुवर्षे आत राहिले की तिथे खारफुटी येते आणि शेत कायमचे जाते. कूळ संघटनेकडून बांध आणि मानशीची फळ्यांसकट तपासणी मेअखेर करून घ्या. मासळीसाठी मानस चुकीच्या वेळी उघडी ठेवली जात असेल तर ते इतिवृत्तात आणा.

सडा आणि खडक

सड्याला सर्वांत कमी वाली असतो. झाड नाही, म्हणून राखण्यासारखे काही नाही असे वाटते. प्रत्यक्षात वरचा जांभा खडक कठीण, त्याच्या खाली पोकळ्यांनी भरलेला थर आणि त्याखाली चिकणमाती, अशी रचना असते. पावसाचे पाणी भेगांतून उतरते, चिकणमातीवर अडते आणि सड्याच्या पायथ्याला झर होऊन बाहेर येते. पायथ्याची विहीर आणि कुळागर याच पाण्यावर जगते. वरचे कठीण कवच कापले की पाणी मुरायचे सोडून वाहून जाते. पावसाळ्यात पायथ्याला चिखल आणि एप्रिलमध्ये कोरडी झर.

वर माती काही सेंटीमीटरच असते. त्यात पावसाळ्याचे चार महिने सीतेची आसवं, दवबिंदू, तेरडा, गेंद अशा वनस्पती येतात. काही किडे खाऊन जगणाऱ्या आहेत, कारण त्या मातीत पोषण नाही. मिनर्वार्या गोयंची या बेडकाचे वर्णन २०१८मध्ये झाले, तो अशाच माथ्यावरच्या पठारांचा. म्हणून सड्यावर वृक्षारोपण करू नका. वनमहोत्सवाचे खड्डे, ऑस्ट्रेलियन बाभूळ, बाहेरून आणलेली लाल माती यांनी सडा डोंगरकापणीइतकाच मरतो. झाडे लावायची तर उतारावर, जुन्या चिरेखाणींच्या कडेला लावा. पंचायतीच्या जागेवर ‘वृक्षारोपणास अयोग्य – नैसर्गिक सडा’ अशी नोंद ठरावाने करून घ्या, म्हणजे दरवर्षी जूनमध्ये तोच वाद घालावा लागत नाही. वाहने सड्यावर जाऊ नयेत म्हणून सुरुवातीलाच चिऱ्यांचे चार-पाच मोठे ठोकळे ठेवा; चाकाची एक चाकोरी पडली की पाणी तिथून वाहते आणि दोन पावसाळ्यांत तिचा ओहोळ होतो.

भूवैज्ञानिक जागांसाठी देशात अजून स्वतंत्र कायदा नाही. खाण मंत्रालयाने २०२२मध्ये भूवारसा विधेयकाचा मसुदा काढला होता, तो मसुदाच राहिला. तोवर उपलब्ध हत्यारे वापरायची: उतार आणि माथा कापण्याविरुद्ध नगरनियोजन कायद्याचे कलम १७-अ, चिरेखाणींविरुद्ध गौण खनिज नियम, माणसाच्या खुणा असतील तर राज्याचा पुरातत्त्व कायदा, आणि सजीवसृष्टी असेल तर वारसास्थळ. सांगे तालुक्यात उसगाळीमळ येथे कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेली चित्रे १९९३मध्ये उजेडात आली. ती पुरातत्त्व कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यांच्याबरोबर तो खडकही राखला गेला.

नवे कोरीवकाम दिसले तर तारेच्या ब्रशने घासू नका, शेवाळ खरवडू नका, फोटोसाठी खडूने रेषा भरू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात, १० सेंटीमीटरची पट्टी ठेवून आणि उत्तर दिशा दाखवून फोटो घ्या. सर्व्हे क्रमांकासह पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. आधी फोटो सगळीकडे फिरले की पहिल्या आठवड्यातच त्यावर नावे कोरली जातात.

किनाऱ्यावरची गावे

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे २०११च्या सीआरझेड अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा म्हणून नमूद आहेत, आणि गोव्यातल्या वाळूच्या टेंबांवर कामे करायला मनाई आहे. अंडी उचलणे, हलवणे हे वनखात्याचेच काम. पंचायतीच्या हातात दिवे आणि जागा आहे. पिल्ले उजेडाकडे जातात, त्यामुळे समुद्राकडे तोंड असलेला एक पांढरा झोतदिवा संपूर्ण घरटे वाया घालवू शकतो. नोव्हेंबर ते मे दिवे खाली वळवलेले, झाकलेले आणि तांबूस असावेत, खाटा आणि छत्र्या रात्री वाळूवरून उचलाव्यात, वाहन वाळूवर उतरू नये, या अटी व्यवसाय परवान्यात लेखी घाला. मोसम सुरू झाल्यावर घातलेली अट कुणी पाळत नाही.

टेंबावरची मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा ‘साफसफाई’त उपटल्या जातात. वाळू धरून ठेवतात ते हेच वेल आणि हेच गवत. टेंबाच्या पायथ्याशी कचरा हाताने वेचायचा, तिथे यंत्र नेऊ द्यायचे नाही. चालायची वाट एकच ठेवा आणि बाकी भागाला बांबूचे साधे कुंपण घाला. जागा सोडली की वेल एक-दोन पावसाळ्यांत परत पसरते.

आग आणि तण

मार्च २०२३च्या सुरुवातीला म्हादई अभयारण्य आणि आसपासच्या डोंगरांवर अनेक दिवस आगी जळत होत्या. गावपातळीवर आग बहुधा काजू बागेची सफाई करताना पाला पेटवण्याने सुरू होते आणि दुपारच्या वाऱ्याने पुढे सरकते. जानेवारीअखेर राई आणि बागांच्या मधल्या कडेला ३ ते ५ मीटर रुंदीची जाळरेषा झाडून काढा. ती राईच्या बाहेरच्या अंगाने असावी, आतला पाला हलवायचा नाही. पाला पडत राहतो, म्हणून मे महिन्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी पुन्हा झाडावी लागते. एकदाच काढलेली रेषा मार्चमध्ये नसल्यासारखीच असते. काजूवाल्यांना पाला खड्ड्यात कुजवायला सांगा, पंचायतीने खड्ड्यांची मजुरी दिली तर ऐकतात.

रानमोडी कापू नका, उपटा. कापली की बुंध्यातून दुपटीने फुटते. जुलै ते सप्टेंबर माती ओली असताना मुळासकट निघते. डिसेंबरमध्ये फुले आल्यावर हात लावलात तर बी पसरवाल.

यंत्र आल्यावर

डोंगरकापणी आणि भराव सुट्ट्यांना होतात. शनिवार, रविवार, चतुर्थी, नाताळ. कार्यालये बंद असतात आणि दोन दिवसांत काम उरकते. म्हणून तालुक्याच्या भरारी पथकाचा, मामलेदार कार्यालयाचा, नगरनियोजन खात्याचा, वनक्षेत्रपालाचा आणि पोलीस ठाण्याचा क्रमांक प्रत्येक सदस्याच्या मोबाईलमध्ये आधीच हवा.

पहिल्या तासात रस्त्यावरून किंवा शेजारच्या जमिनीतून फोटो आणि व्हिडिओ घ्या, तारीख, वेळ आणि जागा दिसेल असे. यंत्राचा क्रमांक, ट्रकांचे क्रमांक. खासगी जमिनीत घुसू नका, चालकाशी हुज्जत घालू नका. भरारी पथकाला फोन करा आणि त्याच मजकुराचा ईमेल लगेच पाठवा, कारण फोनची नोंद राहत नाही. तक्रारीत सर्व्हे क्रमांक, उपविभाग, काय चालले आहे, किती लांबी-रुंदीत आणि ठरावाचा क्रमांक, एवढेच लिहा. कुणी केले असेल याचा अंदाज लिहू नका. त्यावरून तक्रार वैयक्तिक वैराची ठरवली जाते.

तक्रार योग्य दाराशी गेली पाहिजे. डोंगर कापणे किंवा सखल जागा भरणे: नगरनियोजन खाते, कलम १७-अ. झाडे: वनखाते, १९८४चा वृक्षसंरक्षण कायदा. सनदेशिवाय जमिनीचा वापर बदलणे: महसूल, जमीन महसूल संहितेचे कलम ३२. किनारा, खाडी, खारफुटी: किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरण. तळे: पाणथळ प्राधिकरण. परवान्याशिवाय बांधकाम: पंचायत स्वतः, आणि काम थांबवण्याची नोटीस त्याच दिवशी निघाली पाहिजे. एकाच पत्रावर सात खात्यांची नावे घातली तर प्रत्येक खाते ते दुसऱ्याचे समजते. प्रत्येकाला त्याच्या कलमासह वेगळे पत्र द्या.

सोमवारी पंचनामा मागा आणि समितीचा एक सदस्य त्यावेळी हजर ठेवा. पंचनाम्यात कापणीची उंची, लांबी आणि झाडांच्या बुंध्यांचे घेर आले आहेत की नाही ते सही करण्यापूर्वी बघा. पंधरा दिवसांनी माहिती अधिकारात अर्ज करून (१० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर) कारवाईच्या फाईलची प्रत मागा. काम थांबवण्याचा आदेश निघाला म्हणजे काम संपले नाही. जमीन पूर्ववत करण्याचा आदेश वेगळा लागतो आणि तो मागितल्याशिवाय क्वचितच निघतो. उतार पूर्ववत करताना मोकळी माती ढकलून दिली तर पहिल्या पावसात ती ओहोळात उतरते, म्हणून टप्पे आणि पायथ्याला चिऱ्यांचा बांध घालण्याची अट त्या आदेशात मागा.

खात्यांकडून काही हलले नाही तर राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. कलम १४खाली अर्ज करायची मुदत वाद पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिन्यांची आहे आणि सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस मिळतात. पत्रव्यवहारात ही मुदत सरून जाते आणि स्मरणपत्रे पाठवल्याने ती वाढत नाही. म्हणून पहिल्या फोटोच्या तारखेपासून चार महिने मोजा आणि त्या दिवशी, खात्याचे उत्तर आले असो वा नसो, फाईल वकिलाकडे द्या.